मुकाशच्या सहा चौकटी

मुकाशला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पोस्टाच्या खिडकीमागून तो माझ्या पाकिटाकडे अशा नजरेने बघत होता, जणू मी त्यात मेलेला उंदीर घालून पाठवतोय. त्या नजरेने त्याच्या पुढ्यातल्या चहाचा बर्फ झाला, रांगेतली म्हातारी मटकन खाली बसली आणि भिंतीवरच्या नकाशातला इसिक-कुल तलाव वीतभर आटला.

"मास्तर, हा सात आहे?" त्याने मला, शाळेच्या नव्या मास्तरला, विचारलं.

"सातच आहे."

"याला शेपूट आहे. शेपूट गाढवाला असतं. दुसरं पाकीट घ्या."

आमच्याकडच्या पाकिटांवर खाली डाव्या कोपऱ्यात ठिपक्यांच्या सहा चौकटी असतात. पत्र जिथे जायचं तिथला पिनकोड त्या ठिपक्यांवरून सरळ रेघा ओढून लिहायचा. पहिले तीन अंक शहर किंवा जिल्हा सांगतात, पुढचे तीन पोस्ट. यंत्राला वाचता यावं म्हणून ही शिस्त. यंत्र होतं म्हणे राजधानीत, फ्रुंझेला. मुकाशने ते कधी पाहिलं नव्हतं, पण वागायचा मात्र यंत्राचा जावई असल्यासारखा.

पत्रं वेगळी करताना तो पत्ता अंगठ्याने झाकून धरी, अंक बघे आणि पाकीट खणात भिरकावी. "नाव-गाव अडाण्यांसाठी," म्हणे. खिडकीशेजारी त्याने एक नमुना रंगवला होता. सहा अंक, आमच्याच गावचे. येईल त्याच्यासमोर तो तेच गिरवून दाखवी. त्याची बायको सांगे, हा झोपेतही पांघरुणावर तेच अंक काढतो.

मग पोस्टमास्तर निवृत्त व्हायला आले. मुकाशला ती खुर्ची इतकी हवी होती, की तिच्यावर घालायची उशी त्याने आधीच शिवून घेतली. अर्ज नवरोजच्या, म्हणजे वसंतातल्या नव्या वर्षाच्या सणाच्या, आत फ्रुंझेच्या मुख्य कचेरीत पोहोचायला हवा होता. मुकाशने तो लिहिला, पाकिटावर पत्ता घातला, चौकटींत सुबक रेघा ओढल्या आणि साध्या नागरिकासारखा पेटीत टाकला.

दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा पत्ता अंगठ्याने झाकून त्याने ते पाकीट स्वतःच गावातल्या वाटपाच्या खणात फेकलं. थोड्या वेळाने पत्रं वाटणारी बुरमा ते घेऊन परत आली.

"मुकाश बाइके," थोरल्या भावाला हाक मारावी तशी ती म्हणाली, "यावर फ्रुंझे लिहिलंय."

"खाली काय आहे?" त्याने मान वर न करता विचारलं.

"खाली आपल्या गावचा कोड आहे."

"मग गावातच वाट. वर लोक काहीही लिहितात."

"पाठवणाऱ्याचं नाव तरी बघा."

"नावं मी बघत नाही, बाई. ज्या गाढवाने लिहिलं असेल, त्याच्या तोंडावर नेऊन फेक."

बुरमाला नाव दिसत होतं. पण ज्याने तिला इतकी वर्षं अडाणी म्हटलं, त्याचा हुकूम घाईने पाळणं तिला बरं वाटेना. ते पाकीट तिच्या पिशवीतच राहिलं.

नवरोजच्या दुसऱ्या दिवशी मुकाशच्या अंगणात आम्ही सुमोलोकची, म्हणजे सणाला शिजवलेल्या गव्हाच्या मोडांच्या गोड लापशीची, खरवड खात बसलो होतो. बुरमा फाटकातून आत आली.

"बाइके, तोंडावर फेकायला सांगितलं होतंत. फेकू, की हातात देऊ?"

मुकाशने पाकीट घेतलं. अंगठा सवयीने पत्त्यावर गेला होता, तो त्याने हळूच बाजूला केला. मग खालच्या सहा चौकटींवरून बोट फिरवलं.

"अंक मात्र सरळ आलेत," तो म्हणाला.

खुर्ची मिळाली शेजारच्या गावात सार्वजनिक हमामखाना सांभाळणाऱ्या माणसाला.