अर्धी सिरिंज

"दोनदा शॉक दिला, मॅडम. फिट आली न आली तोच गेली. आज करंट वाढवू."

धुळ्यातल्या एका मानसोपचार दवाखान्याचे डॉक्टर वैतागले होते. मी भूलतज्ज्ञ. त्यांचे नेहमीचे भूलतज्ज्ञ गावाला गेले होते, म्हणून मला बोलावलं होतं.

टेबलावर सुनंदा होती. पिंपळनेरकडची, बाळंतपणानंतर बोलणं-खाणं सगळं सोडलेली. नाकातल्या नळीवर जगत होती आणि दिवसेंदिवस खंगत होती. गोळ्यांनी काही फरक पडला नव्हता.

ईसीटी, म्हणजे लोक ज्याला शॉक म्हणतात, त्यात विजेचा थोडा प्रवाह देऊन मेंदूत मुद्दाम फिट आणतात. ती जरा टिकली तरच गुण येतो. पेशंटला काही कळू नये म्हणून भूल आणि अंग झटकू नये म्हणून स्नायू ढिले करणारं इंजेक्शन देतात. एका पायाला मात्र पट्टा आवळतात, म्हणजे ते इंजेक्शन तिथे पोचत नाही. फिट आली की तेवढं पाऊल हलतं.

सिस्टरने भुलेची सिरिंज काठोकाठ भरून आणली.

"अगं, हे एवढं कुणाला?"

"मॅडम, आपल्याकडे औषधाची कुपी फोडली की पूर्णच देतात. उरलेलं ठेवता येत नाही, वाया जातं."

घ्या! औषध वाया जाऊ नये म्हणून पेशंटची ट्रीटमेंट वाया चालली होती. भुलेचं हे औषध फिट दाबतं. एका हाताने चूल पेटवायची आणि दुसऱ्या हाताने तिच्यावर पाणी ओतायचं, त्यातला प्रकार. धडधाकट माणसाला तो डोस चालूनही गेला असेल. सुनंदाच्या अंगावर मांस कुठे होतं? मी आधी तिचं वजन करायला लावलं.

"सर, करंट आहे तेवढाच ठेवा. मी भूल कमी करते."

"आणि ती जागी राहिली तर? अंग ढिलं, ओरडताही येणार नाही, आणि सगळं कळत असेल!"

भीती खरी होती. दारात तिची आई माझा हात धरून म्हणाली होती, "ताई, भूल भरपूर दे. मनी पोरले काहीच समजाले नको."

"अक्का, काही समजणार नाही. शब्द देते," मी म्हटलं होतं.

मी औषध सावकाश सोडत गेले. हाक मारली. पापणीच्या केसांना बोट लावलं. पापणी लवली नाही, तिथे थांबले. निम्मी सिरिंज शिल्लक होती. मग स्नायूंचं इंजेक्शन देऊन मास्कने भराभर श्वास दिले, त्यानेही फिटला मदत होते.

"द्या, सर."

पावलाची बोटं ताठ झाली आणि पाऊल उडायला लागलं. डॉक्टर मोठ्याने सेकंद मोजत होते. तिशी ओलांडली तसे थबकले. "अहो, चालूच आहे!"

खोटं कशाला बोलू, मला भलता आनंद झाला. पण जीव टांगणीला होताच. सुनंदा पुरती शुद्धीवर आल्यावर विचारलं, "मध्ये काही कळलं का गं?"

तिने मान हलवली. नाही. तिने कुणाला उत्तर दिलं, ते कितीतरी दिवसांनी.

पुढच्या प्रत्येक शॉकला डॉक्टरांनी मलाच बोलावलं. एके दिवशी पोचले तर अक्का दारातच रडत उभी.

"काय झालं, अक्का?"

"सकायले उठनी आनि म्हने, माय, माले भूक लागनी!"

त्या दिवशी शॉक नसता, तर मी स्वतः तिला तिथल्या तिथे भाकरी भरवली असती. पण भूल उपाशीपोटीच द्यावी लागते. नियम म्हणजे नियम.