लाल टॅग तिचाच

कारखान्यात तिला थांबाबाई म्हणायचे. माझी धाकटी मेहुणी. मी फिटर, ती चाचणी विभागात. घरी ती मला भाऊजी म्हणायची, कामावर फिटर. आमचं फारसं पटत नसे. एकदा तिने माझ्याकडून संगणकाच्या एकाच कपाटातल्या केबली पुन्हा पुन्हा ओढून घेतल्या. मी आठवडाभर तिच्याशी बोललो नाही. केबली मात्र तेव्हापासून तशाच ओढतो.

आमच्याकडे अनेक प्रोसेसरचे मोठे संगणक बनत. वजन उचलणं माझं, यंत्राला छळणं तिचं. खोट सापडली की लाल टॅग बांधायचा. ज्याने बांधला त्यानेच तो सोडायचा, असा हॉलचा नियम. पत्रा दाबणाऱ्या प्रेस खात्यातून आलेला. तिथे दुरुस्तीसाठी यंत्रात हात घालणारा आधी बटणाला आपलं कुलूप लावतो आणि किल्ली खिशात ठेवतो. ते दुसऱ्याने उघडलं तर हात जातो. लाल टॅगचं यंत्र आम्ही ट्रॉलीवर चढवत नसू.

ज्या यंत्रावरून बिनसलं ते एका इस्पितळासाठी होतं. रुग्णांच्या औषधांचे डोस त्यातून जाणार होते. डिझाइनवाल्यांनी त्याचा वेग वाढवला होता आणि साहेबांनी गिऱ्हाइकाला तारीख देऊन टाकली होती. थांबाबाईने ते यंत्र भरपूर कामाला जुंपलं आणि टॅग बांधला.

त्या रविवारी मी आणि माझी बायको तिच्याकडे जेवायला गेलो होतो. तिच्या नवऱ्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान बसलं होतं. घर तिच्या पगारावर चालत होतं, म्हणून सगळ्यांचे चेहरे उतरलेले. तिच्या सासूबाईंनीच तोंड उघडलं.

"यंत्र चालतंय म्हणतात. मग तुझं कुठे अडतंय?"

"चालतं. मधूनच खोटं बोलतं."

"यंत्र कसं खोटं बोलेल?"

"तुमच्या गोळीचं घ्या. डॉक्टरांनी ती अर्धी केली. मला कळलं, यांना कळलं नाही. यांच्या डोक्यात जुनंच. मी आतून ओरडले, द्या हो गोळी. हे कुठली देणार?"

"अख्खी," नवरा म्हणाला. "आणि देऊन मोकळा होणार."

"तसंच आहे ते. प्रत्येक प्रोसेसरजवळ छोटी साठवण असते, कॅश म्हणतात. त्यात आकड्याची नक्कल ठेवलेली. एकाने आकडा बदलला की त्याने बाकीच्यांना सांगायचं, तुमची नक्कल टाका. सगळ्यांनी टाकली असं उत्तर आलं की मग पुढे जायचं. डिझाइनवाल्यांनी वेगासाठी शेवटच्या उत्तराची वाट बघणंच काढून टाकलंय. एखादा प्रोसेसर कामात बुडालेला असला की तो जुनाच आकडा धरून बसतो."

सासूबाईंनी घास हातातच ठेवला. "मग थांबायला काय जातं त्यांचं?"

"वेग जातो."

"आणि तू हटून बसलीस तर?"

"नोकरी जाईल."

माझ्या बायकोने तिला पायाने डिवचलं. "ताई, लाथ नको मारूस," ती म्हणाली. "मी टॅग सोडणार नाही."

सोमवारी साहेब हॉलमध्ये आले. माणूस वाईट नव्हता. तारखेने गांजलेला होता.

"लाखात एकदा होतं ते," साहेब म्हणाले.

"ज्याच्या नशिबी ते एकदा येईल, त्याला बाकीच्या लाखाचं काय?"

"टॅग सोड."

"वाट बघणं परत घाला, सोडते."

"भांडारात पाठवीन."

"पाठवा. टॅग इथेच राहील."

पाठवलं. ती डबा घेऊन भांडारात गेली आणि नट-बोल्ट मोजायला बसली. यंत्र हॉलच्या मधोमध, टॅगसकट. साहेब माझ्याकडे आले.

"तुझ्याकडे कात्री आहे ना? काप तो टॅग."

"कात्री आहे. टॅग माझा नाही."

"मेहुणीची बाजू घेतोस?"

"मेहुणीशी माझं पटत नाही, साहेब. कोणालाही विचारा."

ट्रॉलीवाले हसले. पण कोणी यंत्राला हात लावला नाही. तारीख उलटली. गिऱ्हाइकाने कारण विचारलं आणि साहेबांना ते सांगावं लागलं. इस्पितळवाले म्हणाले, हळू चाललं तरी चालेल, खरं बोलणारं द्या. डिझाइनवाल्यांनी वाट बघणं परत घातलं.

मग तिला भांडारातून बोलावणं गेलं. साहेब यंत्रापाशी उभे. "झालं तुझ्या मनासारखं. आता तरी सोड."

"थांबा," ती म्हणाली.

स्टूल ओढून बसली. तीच चाचणी लावली, पहिल्यापेक्षा जास्त भार टाकून. साहेब उभेच. पाळी सुटायचा भोंगा झाला तरी आमच्यातलं कोणी हललं नाही. यंत्र एकदाही चुकलं नाही. मग तिने गाठ सोडली आणि टॅग खिशात घातला.

"उद्यापासून तुझ्या टेबलावर ये," साहेब म्हणाले.

"टॅग बरोबर होता, हे आधी इथे सगळ्यांसमोर बोला. मग येते."

साहेब तसेच वळून केबिनमध्ये गेले. ती भांडारात परत गेली आणि तिथूनच निवृत्त झाली. सासूबाई शेवटपर्यंत म्हणायच्या, एक शब्द गिळला असता तर टेबल मिळालं असतं. मीही एकदा तेच बोलून पाहिलं. "मी नाही गिळला, भाऊजी. त्यांनी गिळला," ती म्हणाली.

भांडारातही तिने पहिल्याच आठवड्यात मी जमा केलेली बोल्टांची पेटी परत पाठवली होती. म्हणे, आट्यांत कचरा आहे. मी पेटी उघडून पाहिली. होता.