बोरीच्या ओंडक्यातला दगड

कल्पना करा, तुमच्या हातात कुऱ्हाड आहे. समोर बोरीचा ओंडका उभा आहे, जिथून दोन फांद्या फुटतात तिथला, गाठीचा. असा ओंडका मधोमध फुटत नाही. कडेकडेने ढलप्या काढत आत जायचं असतं. तुम्ही तसंच करता. चौथ्या घावाला लाकडाचा आवाज येतच नाही. खण्णकन वाजतं, ठिणगी उडते आणि कुऱ्हाडीची धार मोडते.

ओकबुनचं नेमकं असंच झालं.

ओकबुन अठ्ठ्याहत्तर वर्षांची, कोरियातल्या एका डोंगरी गावात एकटी राहणारी. तिच्या अंगणातल्या बोरीवर रोग पडला. फांद्यांच्या टोकांना केरसुणीसारखे झुपके आले. शेजारच्या चिलसोंगने झाड तोडून दिलं. लाकूड दोन वर्षं वळचणीला वाळलं आणि यंदाच्या थंडीत तिने ते खोलीची जमीन तापवणाऱ्या, जमिनीखालच्या चुलीत घालायला काढलं.

आणि आता लाकडाच्या पोटात दगड. काळा, चपटा, तळहाताएवढा.

चिलसोंग कुंपणापलीकडून बघत होता. "वहिनी, झाड गाभण होतं की काय?"

"हसू नका भावजी. हा लग्नाचा दगड आहे."

उन्हाळ्याच्या तोंडावर येणाऱ्या दानोच्या सणाला बोरीच्या बेचक्यात दगड ठोकतात. झाडाचं लग्न लागतं, मग बोरं लगडतात. या घरात ते काम ओकबुनच्या नवऱ्याचं; मानसिक त्याचं नाव. मुलगा गिदोंग खांद्यावर बसून दगड धरायचा. मानसिकला जाऊन छत्तीस वर्षं झाली. त्यानंतर तिने दगड ठोकला नाही. विधवेने झाडाचं लग्न कसं लावायचं?

"मग हा त्यांचाच, जुना," चिलसोंग म्हणाला.

"मोजा."

चिलसोंग जन्मभर लाकूड कापत आलेला. त्याने दगडालगत करवत चालवली, कापलेला भाग घासला, थुंकी लावून ओला केला आणि गोधडीच्या सुईने दगडापासून सालीपर्यंतची वर्तुळं मोजली. बोरीची वर्तुळं केसासारखी बारीक. त्याने तीनदा मोजली.

"एकोणतीस. तोडल्याला दोन वर्षं. म्हणजे एकतीस वर्षांपूर्वीचा."

ओकबुनने बोटांवर वर्षं मोजली.

गिदोंग घर सोडून गेला त्याला तेहेतीस वर्षं झाली होती. जमीन विकण्यावरून भांडण झालं, तेव्हा तिने त्याचं जेवणाचं ताट अंगणात फेकलं होतं आणि म्हणाली होती, "या उंबऱ्यावर पुन्हा पाय ठेवलास तर बघ." त्यानंतर पत्र नाही, फोन नाही. कोणी म्हणे तो बंदरावर आहे, कोणी म्हणे बुडाला.

"तुम्ही ठोकला होता का भावजी? खरं सांगा."

"मला माझंच लग्न निभावता आलं नाही वहिनी. तुमच्या झाडाचं कशाला लावू?"

मग तो हसायचा थांबला. त्यालाही आठवलं असावं. एकतीस वर्षांपूर्वी ही बोर इतकी लगडली होती की फांद्यांना बांबूचे टेकू द्यावे लागले. ओकबुनने गावभर बोरं वाटली आणि सगळ्यांना सांगितलं, नवऱ्याची कृपा.

बाकीची लाकडं तिने त्याच दिवशी दुपारी चुलीत घातली. बोरीचं लाकूड जळताना शीळ घालतं. दर शिळेला ती उठून अंगणात जात होती, फाटकाकडे बघत होती आणि परत येत होती. खोलीची जमीन इतकी तापली की अंथरुणाला करपल्याचा वास यायला लागला. तरी तिने एकेक लाकूड घातलंच. प्रत्येक ओंडका आधी उलटसुलट करून बघितला, आणखी एखादा दगड आहे का म्हणून. नव्हता. गिदोंग एकदाच आला होता.

चिलसोंग संध्याकाळी मुळ्याचं लोणचं घेऊन आला तेव्हा ती उंबऱ्यावर बसली होती. बोरीच्या खुंटापासून उंबऱ्यापर्यंत ती बारा पावलं चालून आली होती, दोनदा.

"त्या दानोला मी कुठे होते, भावजी?" तिने विचारलं. "शेतात होते, की इथेच, आत?"

"एकतीस वर्षं झाली वहिनी. मला काल काय खाल्लं ते आठवत नाही."

"दगडावर दगड मारून तो बेचक्यात बसवतात. मोठा आवाज होतो. आत असते तर ऐकू आलं असतं ना?"

लोणच्याचं भांडं चिलसोंगने तिच्याजवळ सरकवलं.

"आलं असेल ऐकू," ओकबुन स्वतःशीच म्हणाली. "वाटलं असेल, कोणीतरी काहीतरी ठोकतंय. पण भावजी, नंतर त्याने मला हाक मारली असेल का?"