सोहारच्या शेडमधला मोहाचा पाक

इन्स्पेक्टर बाईंनी खोक्यातून एक बाटली काढली, उजेडाकडे धरली आणि लेबलवरच्या चित्राच्या उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"भाई, ये क्या है?"

ओमानी अधिकाऱ्यांपैकी बरेच जण सफाईने हिंदी बोलतात. या बाई त्यांपैकीच होत्या. सोहार बंदरातल्या तपासणी काउंटरच्या अलीकडे मी उभा होतो. मी क्लिअरिंग एजंट आहे, म्हणजे परदेशातून आलेला माल बंदरातून सोडवून ज्याचा त्याच्या हाती देणारा माणूस. मस्कतमध्ये ऑफिस हमरियात, घर दार्सैतला. दिवस बहुतेक मस्कत-सोहार रस्त्यावर जातो.

बाटलीत मोहाचा पाक होता. पाठवणारा गट जव्हारकडच्या वारली बायकांचा. लेबल मात्र सरकारी योजनेतून तयार झालेलं. चित्र सुंदर होतं. मधोमध मोहाचं झाड, खाली फुलं वेचणाऱ्या बायका, तारपा वाजवणारा, त्याच्याभोवती नाचणाऱ्यांचा फेर. आणि उजव्या कोपऱ्यात चूल, चुलीवर एकावर एक दोन मडकी, वरच्या मडक्यातून निघालेली नळी, नळीच्या तोंडाशी भांडं. बाईंचं बोट त्या नळीवर होतं.

ते काय आहे हे मला दिसत होतं. तरी मी म्हणालो, "मॅडम, गाँव का सीन है. शादी का."

"शादी में ये पाइप किसलिए?"

मी म्हणालो, बनवणाऱ्यांनाच विचारू. वेळ काढायला इतकंच सुचलं. गटाच्या प्रमुख यमुनाताईंना व्हिडिओ कॉल लावला. त्या अंगणात होत्या. मागे कोंबड्यांचा आवाज येत होता. मी बाटली कॅमेऱ्यासमोर धरली.

"ताई, लेबलवर कोपऱ्यात हे काय काढलंय?"

"भट्टी हाय ती, दादा. मोहाची."

"म्हणजे पाकाची ना?"

"पाकाची कशी? पाक तर आता आता शिकलो आपण. ही दारूची. मोह काढला आणि भट्टी नाय काढली तर चित्र पुरं कसं व्हायचं? लग्नात देवाला मोहाचे दोन थेंब आधी वाहायला लागतात." मग त्यांना काउंटरमागच्या बाई दिसल्या. "त्या मॅडम हायत का? त्यांना सांगा, चित्र आमच्या गावच्या पोराने काढलंय. आवडलं का विचारा."

भाषांतर जरा मवाळ करावं म्हणून मी इन्स्पेक्टर बाईंकडे वळलो.

"समझ गई," बाई म्हणाल्या. "दारू बोला उन्होंने."

माल होल्डवर गेला. होल्ड म्हणजे माल जिथे आहे तिथेच राहणार, हलवायचा नाही, विकायचा नाही. बाईंची त्यात चूक नव्हती. खाण्याच्या वस्तूवर दारू गाळण्याचं चित्र आणि खाली त्याच फुलाचं नाव. तपासणी न करता सोडला असता तर त्यांनाच जाब द्यावा लागला असता.

हा माल आला कसा, ते सांगायला हवं.

आदिवासी उत्पादकांचा माल परदेशी बाजारात जावा म्हणून सरकारची योजना आहे. गटाला प्रशिक्षण, बाटल्या भरण्याचं यंत्र, लेबल, न्हावा शेवा बंदरापर्यंतचं भाडं, आणि परदेशातल्या प्रदर्शनात एक स्टॉल. योजना वाईट नव्हती. मस्कतच्या प्रदर्शनात, जिथल्या स्टॉलचा माल मीच सोडवला होता, यमुनाताई स्वतः आल्या होत्या. विमानात पहिल्यांदा बसल्या होत्या आणि त्याबद्दल बोलायला तयार नव्हत्या. स्टॉलवर हमूद नावाचा खजुराचा व्यापारी आला. त्याने चमचाभर पाक चाखला, डोळे मिटले, आणखी चमचाभर घेतला. ओमानात खजुराचा पाक, म्हणजे दिब्स, घरोघरी असतो. हमूद म्हणाला, "ये तो हमारे दिब्स का चचेरा भाई है." त्याने ट्रायल ऑर्डर दिली. माल चांगला निघाला तर दर वर्षी घेईन म्हणाला. यमुनाताई शेजारच्या स्टॉलवाल्यांकडून ऐकून त्याला अर्बाब म्हणू लागल्या. इथे मालकाला तसंच म्हणतात. हमूद खूश झाला.

त्याच संध्याकाळी गावी फोन करून झाल्यावर, स्टॉल आवरताना यमुनाताईंनी मला एक गोष्ट सांगितली. त्यांच्याकडे बायका चैत्रात फुलं वेचून सुकवतात आणि पावसाळाभर गरजेप्रमाणे थोडी थोडी व्यापाऱ्याला विकतात. भाव कमी मिळतो, पण घरात मीठमिरची येत राहते. "या साली कोणी विकायचा नाय असं ठरलंय. सगळा मोह अर्बाबच्या पाकाला. आता पावसाळा या बाटल्यांवर, दादा."

म्हणून या खोक्यांकडे मी इतर मालासारखं पाहू शकलो नाही.

माल एलसीएल आला होता, म्हणजे दुसऱ्यांच्या सामानासोबत कंटेनरचा एक कोपरा भाड्याने घेऊन. सोहारला तो उतरला तेव्हा मे महिना होता. शेड पत्र्याची, पंखे मोठे, एसी नाही. पाकात प्रिझर्व्हेटिव्ह नव्हतं, कारण लेबलवर 'शंभर टक्के नैसर्गिक' असणं ही योजनेची अट होती. शिवाय पाक खजुराच्या पाकापेक्षा पातळ होता. साखर दाट असली की पाक टिकतो. पातळ पाक गरमीत आंबतो. हे मी पहिल्या दिवशी योजनेच्या कार्यालयाला ईमेलमध्ये लिहिलं, ठळक अक्षरांत.

पहिला नमुना लॅबमध्ये गेला. रिपोर्ट आला: अल्कोहोल निरंक. मी रिपोर्ट घेऊन बाईंकडे गेलो.

"अच्छा है," त्या म्हणाल्या. "अब दो चीज़ें. चित्र का वो कोना स्टिकर से ढक दो. और तुम्हारी सरकार का पत्र लाओ कि ये खाने की चीज़ है, शराब नहीं. फिर खलास."

इतकी सोपी अट मला क्वचितच मिळते. मी योजना अधिकारी देशमाने यांना फोन केला.

"देशमाने साहेब, चित्र कोणी मंजूर केलं?"

"समितीने. वारली चित्रकाराकडूनच काढून घेतलं. अस्सल पाहिजे असं वरून आलं होतं."

"अस्सलच आहे. तीच अडचण झालीय. एक कोपरा झाकायचाय, आणि तुमचं एक पत्र हवंय."

"पत्राचं पुटअप करतो, वरून सही झाली की देतो. पण झाकायचं कसं? लेबलवर शासनाचं बोधचिन्ह आहे. मंजूर लेबलात बदल म्हणजे फाइल पुन्हा समितीकडे."

"बोधचिन्ह डाव्या कोपऱ्यात आहे. मडकी उजव्या."

"लेबल एकच आहे ना, गायकवाड साहेब."

देशमाने वाईट माणूस नव्हते. फोन उचलायचे, जे फार कमी अधिकारी करतात. त्यांच्या टेबलावर अशा अनेक गटांच्या फाइली होत्या आणि हाताखाली एक क्लार्क. पण प्रत्येक फोनला फाइल दुसऱ्या टेबलावर असायची. एकदा सांस्कृतिक विभागाचं मत मागवलं होतं. त्या विभागाने उलट विचारलं की भट्टी झाकणं हा आदिवासी संस्कृतीचा अवमान ठरेल का. प्रश्न रास्त होता. फक्त तो सोहारच्या शेडमध्ये विचारण्यासारखा नव्हता.

दरम्यान माल कोल्ड स्टोअरमध्ये हलवावा, असं मी सुचवलं. होल्डवरचा माल बंदराच्या हद्दीतल्या कोल्ड स्टोअरमध्ये ठेवता येतो. फक्त भाड्याची हमी कोणी तरी द्यायची असते. हमूद म्हणाला, "गेट के बाहर आएगा तो मेरा माल. अंदर है तो तुम्हारा." करार तसाच होता. देशमाने म्हणाले, "शीतगृहासाठी हेड नाही." सरकारी भाषेत हेड म्हणजे ज्या खात्यावर खर्च टाकायचा ते खातं. न्हावा शेवापर्यंतच्या ट्रकला हेड होतं. समुद्रापलीकडे नव्हतं. शेवटी मी माझ्या साहेबांकडे गेलो. ते मंगळुरूचे आहेत, जुने, शांत.

"सर, थोड़े दिन कोल्ड स्टोअर की गारंटी हम दे दें?"

त्यांनी चष्मा काढला. "गायकवाड, हम माल क्लिअर करते हैं. गोद नहीं लेते."

मी माझ्या टेबलाशी परत आलो. आमच्याकडे अडकलेला असा माल नेहमीच असतो.

पाऊस जवळ येत होता, तसे यमुनाताईंचे फोन वाढले. आधी त्या सकाळी करत. मग दुपारीही करू लागल्या, कारण बायका विचारायला त्यांच्या घरी येत होत्या.

"दादा, सुटला का माल?"

"पत्र यायचंय, ताई."

"कुठून यायचंय?"

"तुमच्याकडूनच. म्हणजे सरकारकडून."

"मी जाऊन आणू का? एसटीने जाते. हापिस ठाऊक हाय मला."

त्या खरोखर गेल्या. देशमान्यांनी त्यांना चहा पाजला आणि फाइल दाखवली. "फाइल जाड हाय दादा," त्यांनी रात्री सांगितलं. "काम चाललेलं दिसतंय."

ईदची सुट्टी आली. इथे सगळी ऑफिसं बंद, तिकडे चालू. सुट्टी संपली तेव्हा तिकडे देशमान्यांची बदली झाली. नवे अधिकारी रुजू होऊन पत्र आलं ते चांगलं होतं. बोधचिन्हासह, सहीशिक्क्यासह, आणि कोपरा झाकायला हरकत नाही असं स्पष्ट लिहिलेलं. मी स्टिकर छापून तयारच ठेवले होते. पत्र आणि स्टिकर घेऊन सोहारला निघालो. अनेक दिवसांनी रस्त्यात रेडिओ लावला.

बाईंनी पत्र वाचलं आणि मान हलवली. मग रजिस्टर पाहिलं. पहिल्या नमुन्याची मुदत संपली होती. खाण्याचा माल इतका वेळ पडून राहिला तर सोडण्याआधी पुन्हा नमुना घ्यावा लागतो. नियम योग्य आहे. मी कुठल्याही दुकानातून घरी काही आणतो तेव्हा असा नियम असावा असंच मला वाटतं.

आम्ही दोघं शेडमध्ये गेलो. हमालाने वरचं खोकं उघडलं. बाटल्यांची झाकणं किंचित फुगली होती. बाईंनी एक फिरवलं. फस्स आवाज आला आणि फेस बाईंच्या हातमोज्यावर आला. पाठोपाठ वास. जव्हारच्या लग्नात मी कधी गेलेलो नाही, पण तो वास ओळखायला तिथे जावं लागत नाही.

बाईंनी हातमोजा बदलला. नमुना भरून घेतला. शेडच्या बाहेर आल्यावर म्हणाल्या, "पहली बार में सच में कुछ नहीं था. मैंने खुद रिपोर्ट देखा था."

"हां मॅडम."

"मुझे अच्छा नहीं लग रहा."

रिपोर्ट आला. अल्कोहोल आढळलं. माल परत पाठवायचा किंवा नष्ट करायचा, असे दोनच पर्याय होते. परत पाठवायला हेड नव्हतं. माल नष्ट झाला. हमूदला कळवलं तेव्हा त्याने आधी किती बाटल्या गेल्या ते विचारलं. मग म्हणाला, "औरतों को सलाम बोलो. अगले साल गाढ़ा बनाना, सर्दी में भेजना, इन्शाल्ला." त्याने हे मनापासून म्हटलं. पण पुढच्या वर्षीची लेखी ऑर्डर दिली नाही, आणि मीही मागितली नाही.

यमुनाताईंना मी फोन केला. सांगितलं. पलीकडे पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"सगळ्या बाटल्या?"

"सगळ्या."

"एक पण नाय उरली?"

"नाही, ताई."

"बरं," त्या म्हणाल्या. "मला दोन दिवस द्या. बायांना सांगायला."

प्रकरण इथे मिटायला हवं होतं. मिटलं नाही. पावसाळ्यात रेशन आणि बियाण्यासाठी आदिवासी गटांना मदत देणारी दुसरी एक योजना आहे. यमुनाताईंच्या गटाने अर्ज केला. अर्ज फेटाळला गेला. मदत निर्यात न करणाऱ्या गटांसाठी होती आणि हा गट आता निर्यातदार होता. सरकारच्या लेखी न्हावा शेवाहून माल जहाजात चढला की निर्यात पूर्ण होते. पुढे त्याचं काय झालं, हा रकाना कोणत्याही फॉर्मवर नाही. गटाला तसं प्रमाणपत्रही मिळालं होतं, समारंभात, फोटोसह.

"दादा," यमुनाताई फोनवर म्हणाल्या, "आम्ही निर्यातदार नाय, असं लिहून द्याल का?"

मी असं पत्र याआधी कधी दिलेलं नव्हतं. माझा धंदा उलट सिद्ध करण्याचा आहे. आमच्या लेटरहेडवर लिहून दिलं की माल ओमानात खरेदीदाराला पोचलाच नाही. सोबत नष्ट केल्याचं प्रमाणपत्र लागणार होतं आणि ते अरबीत होतं. ते मिळवायला पुन्हा सोहारला गेलो. इन्स्पेक्टर बाईंनी त्याच दिवशी शिक्का मारून दिलं. भाषांतर करून, साक्षांकित करून कुरिअरने पाठवलं. देशमान्यांच्या जागी आलेल्या अधिकाऱ्यांनी ते मान्य करून मदत योजनेकडे पाठवलं. गटाचं नाव मदतीच्या यादीत परत आलं. मदत पोचली तेव्हा गणपती विसर्जन झालेलं होतं आणि पेरणीची वेळ कधीच गेली होती. तोवर बायकांनी काय खाल्लं, हे मी यमुनाताईंना विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

त्यानंतर मस्कतच्या प्रदर्शनात असे गट येतात तेव्हा ओळखीचे लोक त्यांना माझ्याकडे पाठवतात. परदेशी व्यापारावर मी भाषण करत नाही. लेबल छापण्याआधी मला पाठवा, असं सांगतो. नोव्हेंबरआधी काही पाठवू नका, असं सांगतो. आणि गटाच्या प्रमुख बाईंना बाजूला घेऊन सांगतो की पहिल्या वर्षी अर्धा माल नेहमीच्या व्यापाऱ्याला विका, भाव कितीही कमी मिळाला तरी. हे शेवटचं सरकारी अधिकाऱ्यांना आवडत नाही. एकाने मला तोंडावर म्हटलं, की तुमच्यासारख्या लोकांमुळे हे लोक मोठा विचार करत नाहीत. मी ऐकून घेतलं. मला सोहारला निघायचं होतं.