ताटावर आडवा हात

ताई म्हणजे आमच्या शेजारच्या. मूळच्या झेक, नव्वदी ओलांडलेल्या. मी ओहायोतल्या डब्लिनला मुलाकडे राहायला आले तेव्हापासूनची ओळख. त्यांचं खरं नाव माझ्या जिभेला वळेना, म्हणून मीच ताई म्हणायला लागले, आणि पुढे पुढे त्याही फोनवर "धिस इज ताई" म्हणायच्या. लहानपणी त्या नाझींच्या छावणीत होत्या. हे सुनेनं मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं आणि वर बजावलं, "आई, तुम्ही काही विचारू नका हं." मी कशाला विचारतेय! मी जेवायला बोलावलं.

आता आपल्याकडे जेवायला बोलावलं की आग्रह आलाच. पाहुण्याने नको म्हणायचं, आपण वाढायचं. त्याने ताटावर हात आडवा धरायचा, आपण बोटांच्या फटीतून अजून अर्धी पोळी सरकवायची. तेव्हा कुठे जेवण झाल्यासारखं वाटतं. त्या दिवशी पुरणपोळ्या केल्या होत्या. ताईंनी एक संपवली, मी दुसरी वाढली. दुसरी संपली, तिसरी वाढली. बाई नको म्हणतच नव्हती! मला काय आनंद झाला म्हणून सांगू. पाचवीला सून कुजबुजली, "आई, पुरे करा, त्या घामाघूम झाल्यात."

दोन दिवस ताई अंथरुणात. मग काठी टेकत आमच्या दारात उभ्या.

"काय गं, मला मारायला निघाली होतीस? एवढी बंदूकवाली माणसं, त्यांना जमलं नाही. तू पोळ्या लाटून करणार होतीस?"

मला हसावं की रडावं कळेना. त्या मात्र हसत होत्या.

मग त्यांनी सांगितलं. वाढलेलं त्यांना टाकता येत नाही, आणि नको असं म्हणताही येत नाही. तोंड उघडतं, शब्द बाहेर पडत नाही. म्हटलं, बोलू नका, नुसता हात आडवा धरा, असा. त्यांनी करून बघितलं. हात ताटावर आला आणि खाली गेला, ताटाच्या कडेखाली, सांडलेलं झेलायला. त्यानंतर कितीतरी वर्षं आम्ही आठवड्यातून एकदा एकत्र जेवलो, पण तो हात काही आडवा झाला नाही. शेवटी मीच शिकले, एकदाच बेताचं वाढायचं आणि गप्प बसायचं. माझ्यासारखीला हे किती जड, ते तुम्हाला कळेलच.

जेवताना कधीतरी एखादं वाक्य निघायचं. एक धाकटी बहीण होती, सहा वर्षांची. छावणीत ताई आपल्या पावातला तुकडा तिच्यासाठी राखून ठेवायच्या. एकदा कामावरून परत आल्या तर धाकटी नव्हती. तिला आगगाडीत घालून नेलं होतं, पूर्वेकडे, जिथून कोणी परत येत नसे.

"पाव माझ्या झग्यात होता," ताई म्हणाल्या. "रात्री मी तो खाल्ला. काय करणार होते?"

मी भांडी गोळा केली.

गेल्या हिवाळ्यात ताई स्वयंपाकघरात पडल्या. मूलबाळ नाही, नवरा कधीच गेलेला. त्याचा भाचा दुसऱ्या राज्यातून आला आणि त्यांना नर्सिंग होममध्ये ठेवून गेला. तो तरी काय करणार. तिथे ताई हळूहळू इंग्रजी विसरल्या, झेकच बोलायला लागल्या. आणि जेवेनात. पाव उशीखाली, बटाटा रुमालात. नर्स सुनेला म्हणाली, नळीनं अन्न द्यायचं नाही असं त्यांनी शुद्धीत असतानाच सांगून ठेवलंय, तेव्हा तोंडानं खाल्लं तरच. तुमच्या सासूबाईंच्या हातचं खातात का बघा.

मी मऊ भात, वरण, तूप घेऊन जायला लागले. कारमध्ये सून म्हणायची, "आई, आज मीटिंग कॅन्सल केली, पण रोज नाही हं जमणार."

"आजचं बघ गं. उद्याचं उद्या."

चमचा तोंडाशी नेला की ताई तोंड फिरवायच्या आणि दाराकडे बघून एकच शब्द म्हणायच्या. धाकटीचं नाव. पाव कोणासाठी राखतात ते मला कळलं.

मग मी एक केलं. आपण पितरांसाठी वेगळं पान वाढतो ना, तसं दुसरं ताट नेलं. नातीचं, स्टीलचं, छोटं. त्यात भात वाढला आणि खुणेनं सांगितलं, हे तिचं, हे तुमचं. म्हटलं, धाकटीचं वाढलेलं दिसलं की या निवांत खातील. ताईंनी छोट्या ताटाकडे बघितलं. किती वेळ बघितलं. चेहरा उजळला हो! मग आपलं ताट दोन्ही हातांनी उचललं आणि सगळा भात त्या छोट्या ताटात ओतला.

माझी अक्कल माझ्या पितरांपुरती. माझी माणसं खाऊनपिऊन गेली, त्यांना वर्षाचं एक पान पुरतं. उपाशी गेलेल्या पोरीला किती वाढलं म्हणजे पुरेल?

दुसऱ्या दिवशी एकच ताट नेलं. चमचाभर भात वाढला. ताईंनी हात उचलला. मला वाटलं, घास घेतात. त्यांनी तो ताटावर आडवा धरला. अगदी मी शिकवला होता तसा.

बोटांत फटी होत्या, घास सरकवण्याएवढ्या. मी आग्रह केला. मराठीतच केला, झेक कुठे येतंय मला. ताई, एकच घास. ताई, माझ्यासाठी. ताई, तूप घातलंय बघा. हात तसाच.

"आई, चला," सून म्हणाली.

त्या आठवडाभरातच ताई गेल्या. हात आडवा धरला त्या दिवशीचा भात मी घरी आणला आणि ओट्याशी उभ्या उभ्या खाल्ला. गार होता. टाकणार कुठे?