जुगाराच्या बोटीवरचं गाऱ्हाणं

देवेशचे काळे बूट आबा घाड्यांना एका नंबराने लहान होते, आणि हे त्यांना वाटेवरच्या कट्टा गावच्या बाजारात पोहोचेपर्यंतच कळून चुकलं होतं. पण चपला घातलेल्या माणसाला कसिनोत घेत नाहीत, असं त्यांना पणजीला नेणाऱ्या दीपेशने आदल्या दिवशीच बजावलं होतं. आबांनी जन्मात बूट विकत घेतले नव्हते. घरात होते ते एवढेच, मुलगा देवेश मागे टाकून गेला होता ते.

आबा म्हणजे आचऱ्याजवळच्या वाडीतले गाऱ्हाणं घालणारे. कुणाची म्हैस हरवली, कुणी नवी होडी पाण्यात घातली, कुणाचं लग्न जमेना, की तो माणूस नारळ घेऊन देवळात यायचा आणि त्याच्या वतीने देवाशी बोलायचं काम आबांचं. एकेक मागणं झालं की मागे उभी असलेली मंडळी 'होय म्हाराजा' म्हणणार. ती म्हणाली, की मागणं देवाकडे पोचलं. म्हणाली नाही, तर ते मधेच लोंबकळत राहतं आणि पुढचं मागता येत नाही. चाळीस वर्षं आबा हे करत आले. गावातल्या निम्म्या पोरांच्या नोकऱ्या आपल्या घशातून गेल्या आहेत असं ते सांगायचे, आणि त्यात फारशी थट्टा नसायची. नेम एकच होता, वडिलांनी घालून दिलेला: गाऱ्हाणं घालणाऱ्याने स्वतःसाठी तोंड उघडायचं नाही.

दीपेशचं तारकर्लीला लॉज आणि त्याचा दोस्त नितेश पर्यटकांना बोटीतून फिरवणारा. पावसाळ्यात लॉज ओस, बोटी किनाऱ्यावर झाकलेल्या, आणि मोबाईलवरचा पैशाचा खेळ बंद झाल्यापासून दोघांचे हात नुसते शिवशिवत होते. पोकर खेळायला दोन दिवस पणजीला जायचं त्यांनी ठरवलं. बरोबर आबांना न्यायचं, म्हणजे देव आपल्या बाजूने, हे डोकं दीपेशचं. आबा लगेच 'येतंय' म्हणाले तेव्हा दीपेशलाच नवल वाटलं.

आबांच्या बायकोला, जानकीला, वाटलं नाही. बूट पुसून देताना ती म्हणाली, "तुमी कित्याक जातास ता माका ठावक आसा. गणपतीची ही तिसरी चवथ. यंदा देवेश घरात दिसाक व्हयो."

"बघतंय."

"बघू नकात. घेवन येवा."

देवेश आठ वर्षांचा असल्यापासून बापाच्या मागे उभा राहून सगळ्यांच्या आधी 'होय म्हाराजा' म्हणायचा. पुढे त्याने कुडाळला हॉटेलचा कोर्स केला. दोन वर्षांपूर्वी आबांनी त्याला देवळातलं काम शिकून घ्यायला सांगितलं, तेव्हा तो भर अंगणात म्हणाला होता, "देवाकडे बोलान प्वाट भरत नाय, बाबा. तुमच्या मागे उभो रवान होय होय म्हणाक मी जन्माक इलंय काय?"

"मग चलाक लाग," आबा म्हणाले.

आणि तो चालायला लागला. मुलगा इतका सांगितलेलं ऐकणारा असेल असं आबांना वाटलं नव्हतं. आईला तो महिन्या-दोन महिन्यांनी फोन करायचा. पणजीत एका कसिनोत पत्ते वाटतो, एवढंच तिला कळलं होतं. कुठल्या कसिनोत ते विचारलं, की लाईन कट.

पहिला कसिनो जमिनीवरचाच, एका मोठ्या हॉटेलात. गाडी लावायच्या जागेत, दोन मोटारींच्या मधे, दीपेशने आबांच्या हातात नारळ दिला. आबांनी गाऱ्हाणं घातलं, दोघे 'होय म्हाराजा' म्हणाले आणि बाजूच्या गाडीतलं एक लहान मूल घाबरून रडायला लागलं. दारातल्या रखवालदाराने नारळ यंत्रातून दोनदा फिरवला, कानाशी धरून हलवला आणि ठेवून घेतला.

पोकरची खोली आत, काचेच्या दारापलीकडे. खिडकी नाही, घड्याळ नाही आणि थंडी अशी की आबांचे गुडघे बोलायला लागले. दीपेश-नितेश खेळायला बसले. बघणाऱ्यांनी कठड्याबाहेर उभं राहायचं होतं. सगळे बघे पत्त्यांकडे बघत होते, आबा पत्ते वाटणाऱ्यांकडे. सहा टेबलं, सहा चेहरे, सगळे परके. तरी ते सहाही पुन्हा एकदा बघून आले. डाव्या पायाची करंगळी तेवढ्यात सोलून निघाली. दुपारी दीपेश हरून उठला तो ओठ चावतच.

"आबा, जागा चुकली. पाण्यार जावया," नितेश म्हणाला. "आमचो देव पाण्यातलो."

आमचा देव डोंगरातला आहे, हे सांगायचं त्राण आबांत नव्हतं.

दुसरी खोली मांडवीतल्या बोटीवर, तिसऱ्या मजल्यावर. तीच थंडी, तेच गालिचे. इथल्या एका टेबलावर एक मुलगी पत्ते वाटत होती, वाटून झाले की हात टेबलावर ठेवून निमूट बसायची. आपला मुलगाही असाच हात ठेवून बसत असेल, या विचाराने आबांना कसंतरी झालं. तिला विचारावं म्हणून ते पुढे झाले, तर काळ्या कोटातला माणूस आडवा आला. पत्ते वाटणाऱ्यांशी बोलायचं नाही. इतकंच नाही, तर डाव चालू असताना टेबलावर हिंदी-इंग्रजीशिवाय बोलायचं नाही, असाही नियम त्याने ऐकवला. दोन ओळखीचे आपसांत ठरवून लोकांना फसवतात म्हणे. आबा मागे येऊन उभे राहिले. बसायला खुर्च्या होत्या, त्या फक्त खेळणाऱ्यांना. ते थकले होते. पायांनी थकले होते त्याहून जास्त, सतत परके चेहरे बघून थकले होते. रात्री पणजीतल्या लॉजवर बूट काढायला नितेशला ओढावं लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिसरी खोली, दुसऱ्या बोटीवर. आबांनी आशा सोडली होती. कठड्याशी उभं राहून त्यांनी आधी वजन उजव्या पायावर घेतलं, मग वर बघितलं. दीपेशच्या समोर, लाल जाकीट आणि गळ्याला काळी फीत, देवेश बसला होता.

त्यानेही बघितलं. आधी बापाचा चेहरा, मग पायातले बूट. आणि मान खाली घालून पत्ते वाटू लागला. ओळख दाखवली तर नोकरी जाईल हे आबांना कालच्या काळ्या कोटाने शिकवलं होतं. दीपेश-नितेशने देवेशला दोन वर्षांत पाहिलं नव्हतं, आणि त्यांना पत्त्यांपलीकडे दिसतही नव्हतं. आबा कठड्याशीच उभे राहिले. मुलगा वाळला होता. गालफडं वर आली होती. हात मात्र झरझर चालत होते, जानकीचे भाकरी थापताना चालतात तसे. बघून झालं, आता निघावं, जानकीला सांगावं की बरा आहे, असंही त्यांच्या मनात आलं.

तेवढ्यात दीपेश मागे वळला. हातात दोन एक्के होते आणि होतं नव्हतं ते सगळं त्याने मधे सरकवलं होतं. "आबा, घाला," तो पुटपुटला. "आताच. हळू घाला."

आबांनी हात जोडले. सवयीने नजर खाली गेली आणि आवाज सुरू झाला.

"बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरा खंयच्या खंय येवन तुझा नाव घेतत, त्येंका सांभाळून घे रे म्हाराजा..."

'होय म्हाराजा' आलं नाही. दीपेश आणि नितेश दोघेही शेवटच्या पत्त्याकडे डोळे लावून बसले होते. मागणं लोंबकळलं. आबा थांबले. आणि मग चाळीस वर्षांचा नेम, का कोण जाणे, त्यांच्या हातून सुटला.

"...आणि जो कोण झिल बापसाच्या एका शब्दार घर सोडून गेलो आसा, बापूस चुकलो आसात तर ता पोटात घाल, आणि त्या झिलाचा पावल परत घराकडे वळव रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा," देवेश म्हणाला.

मोठ्याने नाही, पण स्वच्छ. शेवटचा पत्ता त्याच्या बोटांत तसाच राहिला. टेबलावरचे सात लोक त्याच्याकडे बघू लागले. तिथला काळा कोट आला, या माणसाला ओळखतोस का, म्हणून त्याने हिंदीत विचारलं.

देवेशने पत्ता खाली ठेवला. "मेरे पिताजी हैं," तो म्हणाला.

डाव रद्द झाला. सगळ्यांचे पैसे परत मिळाले, आणि दोन एक्के बघत दीपेश रडायच्या बेतात आला. देवेशला आत नेलं. तासाभराने तो धक्क्यावर आला तेव्हा अंगात साधा शर्ट आणि खांद्याला सॅक होती. उद्यापासून येऊ नकोस, असं सांगितलं होतं. आबा पावसात उभे होते. देवाने ऐकलं होतं, पण ते असं ऐकेल हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

"बस गाडयेत," दीपेश करवादला. "आबांचो देव तुझ्यासाठीच इल्लो. आमी नुसते पेट्रोलाचे धनी."

गाडी कुडाळला थांबली. स्टेशनजवळ दीपेश-नितेश चहा आणायला उतरले. मागच्या सीटवर आबांनी बूट काढले होते आणि सुजलेली बोटं ते हळूहळू चोळत होते. देवेशची नजर त्या बोटांवर गेली.

"बाबा, एक सांगतंय. ता मी सवयीन म्हटलंय. तोंडातसून गेला. मनातसून नव्हता."

आबांनी मान हलवली. त्यांना रागही आला नाही. राग यायलाही जरा बळ लागतं.

"चाळीस वर्सा माझ्या मागे गाव सवयीनच म्हणता, झिला," ते म्हणाले. "देव तितक्यार चालवन घेता. मी पण घेयन."

देवेशने खाली वाकून आपले बूट उचलले, सॅकमधून जुनी चप्पल काढली आणि ती बापाच्या पायाशी ठेवली.