कॅरियरवरची गादी

शेजारचे चष्मेवाले भाऊजी शहराबाहेरचा बंगला सोडून इथे ऑफिसजवळच्या दोन खोल्यांत आले आणि गाडीऐवजी सायकलने ऑफिसला जाऊ लागले. "महिनाभर बघेन, नाहीतर परत बंगल्यात!" असं वहिनींनी त्यांना बजावलं होतं. पहिल्याच दिवशी चेनमध्ये अडकून पँट फाटली.

"भाऊजी, हवेशीर झाली हो!" मी म्हटलं.

पण पूर्वी लेक झोपल्यावर घरी पोचणारा हा माणूस आता चहाच्या वेळी तिच्याशी भांडत मटार सोलताना दिसायचा.

महिना संपला तशा वहिनी माझ्या दारात आल्या. निरोप घ्यायलाच आल्या असं मला वाटलं.

"सायकलच्या कॅरियरवर बसवायची गादी कुठे मिळते हो?"

"लेकीसाठी?"

"ती बसते पुढे दांडीवर. मी काय मागून धावत जाऊ?"